पाणी बघून ये

आमच्या घरी पाहुणे यायचे तेव्हा आधी रघू जायचा. त्याला जा असं कोणी म्हणत नसे. नारळी-पोफळीची आमची वाडी संपून गावाचा रस्ता जिथे लागतो, तिथे पायवाटेच्या टोकाला छत्री दिसली किंवा बैलगाडीचे घुंगरू वाजले, की ओटीवर बसलेले अप्पा, म्हणजे माझे वडील, घसा साफ करायचे आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणायचे, "कुसुम, जरा पाणी बघून ये." वाडीला पाणी रहाटाचं. ते कुठल्या पाटात चाललंय, कुठे फुटलंय, हे बघणं हे घरातलं खरोखरीचं काम होतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात वावगं काही वाटत नसे. मला मात्र कळायचं. मी उठायचे, माझ्या धाकट्या भावाचा, रघूचा, हात धरायचे आणि मागल्या दाराने त्याला रहाटाकडे घेऊन जायचे. पाहुणे उठेपर्यंत आम्ही दोघं तिथेच.

गेल्या वर्षी मी तुमच्याकडे आले होते, मीरा, तेव्हा तुझ्या वाढदिवसाला तुझ्या वर्गातला एक मुलगा आला होता. तुम्ही मला त्याचं नाव सांगितलंत, त्याला डाऊन सिंड्रोम आहे हेही सांगितलंत, आणि ते सांगताना तुमचा आवाज जरासुद्धा खाली आला नाही. तो केकचा तुकडा हातात घेऊन सगळ्यांत मोठ्याने गात होता. तेवढ्यात दाराची घंटा वाजली, दुसरे पाहुणे आले, आणि मी सोफ्यावरून उठून त्या मुलाचा हात धरला. का उठले ते माझं मलाच कळेना. आजीला पाणी हवं असेल असं तुम्हाला वाटलं. तुझ्या भावाने, ईशानने, पेला भरून आणला आणि मी तो गुपचूप प्यायले. तेव्हाच ठरवलं की माझ्या लहानपणाचं जे लिहायला घेतलंय, त्यात हेही नीट, क्रमाने लिहायचं.

रघुनाथ माझ्याहून सात वर्षांनी लहान. आमच्या दोघांच्या मध्ये आईला दोन मुलं झाली आणि राहिली नाहीत, त्यामुळे हा झाला तेव्हा अप्पांनी बोर्लीच्या बाजारातून पेढे मागवून गावभर वाटले होते. मग तो मान धरीना, बसायच्या वयात बसेना, आणि हळूहळू त्या पेढ्यांचा विषय घरात निघेनासा झाला. तो ठेंगणा होता, गोल चेहऱ्याचा, डोळे कानांकडे किंचित चढलेले, जीभ ओठांत मावत नसल्यासारखी, आणि तळहात इतके मऊ की मला ते उन्हात तापलेल्या लोण्यासारखे वाटत. त्याला जे होतं त्याला आमच्या घरात नाव नव्हतं. "रघू जरा सावकाश आहे," एवढंच म्हणत. मुंबईला गिरगावात माझे काका राहायचे, अप्पांचे धाकटे भाऊ. त्यांनी एकदा तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. अप्पा मॅट्रिक झालेले, घरी शिळं का होईना इंग्रजी वर्तमानपत्र घेणारे. डॉक्टर जे बोलले ते त्यांना कळलं, पण घरी येऊन त्यांनी आईला एवढंच सांगितलं, की वाढ सावकाश होईल. डॉक्टरांचा शब्द त्यांनी फक्त मला सांगितला, मंगोल. तेव्हा शिकलेली माणसंही असंच म्हणत. तुम्ही तो शब्द कधी वापरू नका. अप्पा मला रोज संध्याकाळी ओटीवर इंग्रजी शिकवायचे आणि माझ्याकडे नकाशांचं एक पुस्तक होतं. मी त्यात मंगोलिया देश शोधून काढला. चारी बाजूंनी जमीन, समुद्र कुठेच नाही. आणि रघूला तर समुद्राची गाज कानावर पडल्याशिवाय झोप लागत नसे. मला वाटलं, डॉक्टरांचंच काहीतरी चुकलंय.

घर आमचं आमचं असलं, की रघू घरभर असे. सकाळी आई त्याला मऊ भात कालवायची, वर साजूक तूप, मेतकूट, लिंबाच्या लोणच्याचा खार. त्याला गिळायला वेळ लागायचा. आई घास हातात धरून थांबायची आणि थांबता थांबता स्तोत्रं म्हणायची, त्यामुळे रघूचं जेवण आणि आईची स्तोत्रं बरोबर संपत. बाहेर रहाट सुरू झालेला असायचा. धाकू, आमचा गडी, रेड्याला फिरवायचा आणि रहाटाच्या लाकडाचा कुईं कुईं असा लांबलचक आवाज वाडीभर पसरायचा. रघूला तो आवाज हुबेहूब काढता यायचा. शब्द त्याच्या तोंडून अर्धेच येत, स्वतःचं नावसुद्धा तो अघू असं सांगे, पण रहाट वाजवावा तर त्याने. कधी कधी रेडा मधेच थांबायचा, धाकू ओरडायचा, "चल रं, अघूदादा चालतोय आनि तू उभा?" आणि रघू हसून हसून खाली बसायचा.

उन्हाळ्यात अंगणात आंब्याची साठं वाळत असत. पिवळ्याधमक रसाचे थर ताटांतून, सुपांतून पसरलेले, शेजारी फणसपोळ्या, पलीकडे पोह्याचे पापड. ते सगळं राखायचं काम रघूचं. हातात पोफळीची झावळी घेऊन तो पेळेवर, अंगणाच्या कडेच्या बसक्या कट्ट्यावर, बसायचा. माझ्यावर तेच काम आलं की निम्मं साठ माझ्याच पोटात जाई; रघूने कधी बोट लावलं नाही. त्याची रीत निराळी होती. एक लंगडा कावळा होता, त्याला तो स्वतःच्या वाटणीचा गूळ द्यायचा आणि मग तो कावळा बाकीच्यांना जवळ येऊ देत नसे. आई म्हणायची, "बघा, माझ्या मुलाने पहारेकरी ठेवलाय." अप्पासुद्धा तेव्हा मनापासून हसायचे. अप्पांनी रघूवर कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. संध्याकाळी माझा धडा झाला की ते त्याला मांडीवर घ्यायचे आणि त्याच्या पाठीवर तबल्याचा ठेका धरायचे. आणि त्याच वेळी वाटेवर छत्री दिसली, तर तेच अप्पा त्याला मांडीवरून अलगद उतरवायचे, धोतर नीट करायचे आणि म्हणायचे, "कुसुम, जरा पाणी बघून ये."

मीही त्यांचीच मुलगी होते. शाळेसाठी मला बोर्लीला चालत जावं लागे. तिथल्या मुली विचारायच्या, "तुला भावंडं किती गं?" मी सांगायचे, एक भाऊ आहे, लहान आहे अजून. दर वर्षी हेच सांगायचे. माझ्या त्या उत्तरात रघू कितीतरी वर्षं लहानच राहिला.

तो आठ वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात काकांच्या श्यामची मुंज गावच्या घरी करायचं ठरलं. ईशान, तुझी मुंज तुमच्याकडच्या देवळाच्या हॉलमध्ये तासाभरात उरकली आणि गुरुजी पुढच्या कार्याला गेले. आमच्याकडे मुंज म्हणजे दारात मांडव, चार दिवस वाजंत्री आणि महिनाभर आधीपासून जात्याची घरघर. काकांचा निरोप आला तेव्हा आई अप्पांना ताक वाढत होती. माझी आई कधी काही मागणारी बाई नव्हती. ती म्हणाली, "श्यामबरोबर आपल्या रघूचीही होऊन जाऊ दे. त्याच मांडवात."

अप्पांनी ताक पिऊन वाटी खाली ठेवली. "बघू," म्हणाले.

आईने त्या 'बघू'चा अर्थ हो असाच घेतला. तिने आमच्या गुरुजींना बोलावून विचारूनही घेतलं. गुरुजी म्हातारे होते, सुपारी कातरत ते म्हणाले, "अहो, मुक्याची मुंज होते, बहिऱ्याची होते, शास्त्रात सोय आहे. याची का नाही व्हायची? मंत्र मी त्याच्या कानात सांगेन. म्हणता आला तर आला. देव काय परीक्षा घ्यायला बसलाय?" मग आईने माझ्या आजोबांचा जुना पीतांबर फाडून त्याच्या दोन झोळ्या शिवल्या, एक श्यामची, एक रघूची. मुंज झालेल्या मुलाने झोळी घेऊन भिक्षा मागायची असते, "ॐ भवति भिक्षां देहि," आणि पहिली भिक्षा आईने घालायची. ते शब्द रघूला शिकवायचं काम मी घेतलं. महिनाभर रोज दुपारी तो झोळी खांद्याला अडकवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहायचा आणि म्हणायचा, "ओ भती भिका दे." आई हातातलं टाकून उठायची, कधी फणसाच्या भाजलेल्या आठळ्या, कधी गूळ-खोबरं, कधी नुसता भाताचा मुटका त्याच्या झोळीत घालायची. तो झोळीत डोकावून बघायचा, मी शिकवला होता तसा वाकून नमस्कार करायचा, आणि मग दर वेळी तेच विचारायचा, "झाली मुंज?" आई म्हणायची, "अजून नाही रे राजा. मांडव पडू दे. त्या दिवशी आपण दोघं एका ताटात जेवायचं." मातृभोजन म्हणतात त्याला. मुंजीच्या सकाळी मुलगा आईच्या ताटात शेवटचा जेवतो, त्यानंतर तो मोठा झाला असं धरतात. आईला मुंजीतलं बाकी काही नको होतं. तिला ते ताट हवं होतं.

काका-काकू आगबोटीने आले, किनाऱ्यावर पडावातून उतरले, आणि त्यांच्याबरोबर काकूच्या माहेरची माणसं. त्यांत काकूचे थोरले भाऊ होते, मुंबईत वकिली करणारे, सोनेरी काड्यांचा चष्मा, हसणं मोठं. गाड्या वाटेवर दिसल्या मात्र, अप्पांनी घसा साफ केला आणि मी रघूला घेऊन रहाटावर गेले. पुढचे दोन दिवस आमचा मुक्काम बहुतेक तिथेच होता. काकू वाईट नव्हती. तिने रघूसाठी लाकडी भोवरा आणला होता, रहाटावर येऊन त्याचे पापे घेतले होते. पण मुंजीच्या आदल्या दुपारी मी कोठीच्या खोलीत गूळ काढत होते, तेव्हा पलीकडे स्वयंपाकघरात ती आईला म्हणत होती, "वहिनी, मला काही वाटत नाही हो. रघू आपलाच आहे. पण माहेरची माणसं आलीत, दादा चार ठिकाणी बोलणारा. आणि तुम्हाला पुढे कुसुमचं बघायचंय ना? दादाच्या ओळखीत चांगली स्थळं आहेत. मांडवात पाटावर रघूला बसलेला बघितल्यावर हिला कोण विचारील?"

आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने अप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. आई विळीवर नारळ खवत होती. अप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "रघूची पुढच्या वर्षी करू. आपली आपली. सावकाश." विळीचा आवाज थांबला. मी गुळाची ढेप तशीच धरून उभी राहिले. मग खर्र खर्र असा तो पुन्हा सुरू झाला, आधीच्याच लयीत. मला त्या क्षणी जे वाटलं तेही लिहिते. मला हायसं वाटलं. उद्या मांडवात माझ्या मैत्रिणी येणार होत्या.

मुंजीच्या सकाळी ताशा-सनई सुरू झाली आणि रघू टाळ्या पिटत उठला. आईने त्याची झोळी ट्रंकेत ठेवून दिली होती. ती त्याने कधी शोधून काढली कोण जाणे, ती त्याच्या खांद्यावर होती. मी त्याला रहाटाकडे न्यायला लागले तसा तो पाय रोवून उभा राहिला. "अघूची मुंज," म्हणाला आणि मांडवाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, "हो, पण आधी भिक्षा मागायची असते ना? चल, तुझी भिक्षा तिकडे खाडीच्या बाजूला आहे." भिक्षा आधी नसते, शेवटी असते, ते त्याला काय ठाऊक? तो लगेच निघाला. मला एवढंच हवं होतं की सनईचा आवाज त्याच्या कानावर पडू नये.

खाडीच्या वाटेवर पहिलं घर हिराबाईचं. ती कोळीण, आमच्या आळीत मासळी विकायला कधी येत नसे, पण नारळाच्या हंगामात आमच्याकडे कामाला यायची. रघू तिच्या दारात उभा राहिला आणि त्याने आपलं वाक्य म्हटलं. हिराबाई जाळं टाकून उठली. "कोन रं तो? अप्पांचा अघू न्हाय तू? काय मागतंस? सुकट घालू काय झोलीत? भट बाटंल गो सगला!" आणि ती मोठ्यांदा हसली. रघूही हसला. मग तिने एक सोललेला नारळ आणून त्याच्या झोळीत ठेवला आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. पुढे हलीमाबींचं घर, त्यांचे यजमान जहाजावर खलाशी होते. त्या दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. रघूने म्हटलं, "ओ भती भिका दे." त्यांनी त्याच्याकडे बघितलं, झोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आज मुंज ना तुमच्याकडे? मांडव तिकडे आणि नवरदेव इकडे कसा?"

"त्याची नंतर आहे," मी म्हटलं.

"नंतर म्हणजे कधी गो?"

 मी पायाने वाळू उकरत राहिले. हलीमाबींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, सुपातले तांदूळ दोन्ही हातांनी रघूच्या झोळीत घातले, आत जाऊन मूठभर खजूर आणले, तेही घातले. रघूने वाकून नमस्कार केला. झोळी आता जड झाली होती. तो वळला आणि, "आई!" म्हणून धावत सुटला. बरोबरच होतं त्याचं. महिनाभर आम्ही त्याला हेच शिकवलं होतं, की भिक्षेच्या शेवटी आई असते.

सपाट पावलांचा, दोन पावलं टाकली की धाप लागणारा रघू असा धावू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी त्याच्या मागे होते, मांडवाच्या कडेपर्यंत होते. तिथे मी थांबले. आत जाऊन त्याचा हात धरला असता तर तो माझा भाऊ आहे हे सगळ्यांना कळलं असतं.

मांडवात मातृभोजन चाललं होतं. पाटावर काकू आणि श्याम एका ताटात जेवत होते, भोवती मुंज झालेली आठ मुलं पानावर बसली होती, आणि माझी आई सोवळं नेसून तूप वाढत होती. सनईवाले विसावा घ्यायला थांबले होते, त्यामुळे रघूचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. आईसमोर उभं राहून, झोळी पुढे करून तो म्हणाला, "ओ भती भिका दे."

"अगो बाई, शिवेल! वहिनी, मागे सरा," काकू ओरडली.

वकीलमामा हसत पुढे आले. "अरे वा! हा कोण बटू? आमच्या श्यामच्या आधीच भिक्षेला निघाला!" सगळे हसले. मग त्यांनी अप्पांकडे बघितलं, सहजच, आणि विचारलं, "कुणाचा हा?"

अप्पा म्हणाले, "वाडीवरच्या गड्याचं पोर. जरा सावकाश आहे."

आई जागची हलली नाही. तुपाची तांबली तिने खाली ठेवली. परातीतला एक लाडू उचलला आणि वरून, हात लागणार नाही असा, रघूच्या झोळीत टाकला. गड्यांच्या मुलांना तसंच देत असत. रघूला त्यातलं काही कळलं नाही. त्याने झोळीत डोकावून बघितलं, नमस्कार केला, आणि तोंडभर हसून विचारलं, "आई, झाली मुंज?"

वकीलमामांचं हसू जरा अडखळलं. अप्पा घाईघाईने म्हणाले, "सगळ्या बायकांना तो आईच म्हणतो." मग त्यांची नजर मांडवाच्या कडेला माझ्यावर आली. "कुसुम," ते म्हणाले, "जरा पाणी बघून ये."

दुपारी पंगती उठल्यावर आई रहाटावर आली. ती जेवली नव्हती, ते तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. अंगावर तेच सोवळं. रघू पाटात पाय सोडून बसला होता, लाडू त्याने खाल्ला नव्हता, झोळीवर हात ठेवून राखत बसला होता, जशी साठं राखायचा तशी. धाकूचा दुपारचा भात तिथेच शिजायचा, तीन दगडांची चूल आणि त्याचं काळं मडकं. आई म्हणाली, "धाकू, तुझं मडकं दे रे."

"वैनी, माजं? त्यात मी सुकट रांधतो."

"असू दे. गड्याचं पोर ना ते? मग गड्याच्याच मडक्यात."

धाकूला त्यातलं काही समजलं नाही. त्याने मडकं पाण्याने दोनदा विसळून दिलं आणि रेड्याला घेऊन लांब गेला. आईने झोळीतले हलीमाबींचे तांदूळ धुतले, शिजत घातले. हिराबाईचा नारळ दगडावर फोडला. पोफळीच्या विरीवर, झावळीच्या बुडाच्या रुंद सालीवर, भात ओतला, त्यावर खोबऱ्याचे तुकडे, खजूर, आणि तो लाडू कुस्करून. मग ती चिखलात, सोवळ्यासकट, मांडी घालून बसली, रघूला जवळ घेतलं, आणि त्या एका पानात दोघं जेवली. एक घास त्याला, एक तिला. त्याला गिळायला वेळ लागत होता, ती थांबत होती. त्या दिवशी तिने स्तोत्र म्हटलं नाही. माझी आई, जी परक्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसे, ती त्या घरांतलं, त्या मडक्यातलं जेवत होती, आणि मी तिथे उभी होते, पाठ त्यांच्याकडे आणि तोंड वाटेकडे.

"तूही बस गो," आई म्हणाली.

"कोणी येईल," मी म्हटलं.

"येऊ दे."

मी बसले नाही. मागे रघू तोंडात घास घेऊन रहाटाचा आवाज काढत होता. मी मात्र कोणी बघत नाही ना, याच्याकडेच लक्ष ठेवून होते. या वयात पुष्कळ गोष्टी विसरले, पण पाठीमागून येणारा तो त्यांच्या जेवण्याचा आवाज, आणि मी वळून बघितलं नाही, हे अजून लख्ख आठवतं.

पुढचं वर्ष आलं आणि गेलं. मुंजीचा विषय कोणी काढला नाही, आईनेही नाही. बदल एवढाच झाला, की त्यानंतर वाटेवर छत्री दिसली तर अप्पांना घसा साफ करावा लागत नसे. रघू स्वतःच पेळेवरून उठायचा, झावळी भिंतीला टेकवून ठेवायचा, "पाणी," म्हणायचा आणि मागल्या दाराने एकटा निघून जायचा. पाहुणे गेले की मी त्याला आणायला जायचे. त्याला इतक्या गोष्टी शिकवताना आम्ही थकलो, ही त्याला कोणी न शिकवता आली होती. तो तेरा वर्षांचा असताना एका पावसाळ्यात त्याची छाती भरली. तेव्हा बोटी बंद असत, नदीनाल्यांना पूर, मुरुडहून डॉक्टर यायला वाट नाही. आईच्या मांडीवरच तो गेला.

त्यानंतर मला बघायला पहिलं स्थळ आलं, वकीलमामांच्या ओळखीतलं. वाटेच्या टोकाला छत्र्या दिसल्या. अप्पांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "कुसुम, जरा पाणी..." आणि थांबले. सवयीने मीही उठले होते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पाहुणे पायऱ्या चढून आले. त्यांना वाटलं आपल्यासाठीच पाणी सांगितलं, म्हणून मी तांब्या-भांडं आणून ठेवलं आणि खांबाशी उभी राहिले. मुलाच्या वडिलांनी पान लावता लावता, सगळे विचारतात तसं विचारलं, "मुलं किती आपल्याला?"

आत आई विळीवर नारळ खवत होती. अप्पांनी आतल्या बाजूला बघितलं. मग म्हणाले, "दोन. ही कुसुम. आणि मुलगा, रघुनाथ. तो गेला." पाहुणे चुकचुकले, त्यांना वाटलं बोलणं संपलं. पण अप्पा थांबले नाहीत. "तो जन्मापासून सावकाश होता. बोलता फारसं येत नव्हतं. पण साठं राखावीत तर त्याने. एक लंगडा कावळा होता बघा, त्याला हा स्वतःचा गूळ द्यायचा..." पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना मला प्रश्न विचारायचे होते, पोहे निवत होते, आणि अप्पा सांगत होते, रहाटाचा आवाज तो कसा काढायचा, तबल्याचा ठेका पाठीवर धरला की कसा डोलायचा. ते स्थळ पुढे जुळलं नाही. का, ते अप्पांनी विचारलं नाही.

मला आठवतं ते एवढंच, की "रघुनाथ" हे नाव ओटीवर, परक्या माणसांसमोर पहिल्यांदा उच्चारलं गेलं, तेव्हा आतला विळीचा आवाज थांबला. अप्पा कितीतरी वेळ बोलत होते. तो पुन्हा सुरू झाला नाही.